नोट नाशिकची, पाकीट कुठलं?

नोटा नाशिकला छापतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या ठेवायचं चामड्याचं पाकीट स्वतःच्या हाताने शिवणारी माणसंही हल्ली इथे भेटतात. कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट करणारा, कुणी बँकेतला, कुणी घरून काम करणारा आयटीवाला. रविवारी जेवणं उरकली की जुना ग्रॅनाइटचा तुकडा काढायचा, चामड्याला भोकं पाडायची आणि दोन सुयांनी शिवत बसायचं. विकायचा इरादा नसतो. भावाला, मेव्हण्याला, फार तर साहेबाला निवृत्तीच्या दिवशी द्यायचं. छंद नवा दिसतो, पण त्याच्या मागे दोन लांबलचक गोष्टी आहेत. एक पैशाची, एक कातड्याची. पहिली सांगायला सोपी आहे. दुसरी सांगताना लोक घाई करतात, म्हणून तिथे मी जरा जास्त थांबणार आहे.

पैशाची आधी. नाशिक परिसराचं पैशाशी नातं प्रेसच्या कितीतरी आधीचं. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. नाणी क्षत्रप नहपानाची, आणि त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा शिक्का मारून पुन्हा चलनात आणलेली. मराठेशाहीत गुलशनाबाद, म्हणजे नाशिकच्याच टांकसाळीत रुपये पडत. होळकरांचा चांदवडी रुपयाही याच मुलखातला. ज्याला आवड असेल त्याने त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय पाहावं, अर्धा दिवस सहज जातो.

पण नाण्याला पाकीट लागत नाही. इंग्रजी अमलातला रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. शंभर रुपये घ्यायचे म्हणजे किलोहून जास्त चांदी अंगावर बाळगायची. त्यासाठी कमरेला कसा, म्हणजे पैशांची लांबट पिशवी, बांधत, मोठी रक्कम थैलीत जाई, घरातल्या बाईचे पैसे बटव्यात किंवा पदराच्या गाठीला. पानसुपारीच्या चंचीत सुटी नाणी पडून असत. ही सगळी साधनं नाड्यांची, गाठींची, गोळा करून आवळायची. चपटं, दुमडणारं पाकीट करावं असं कुणाला वाटण्याचं कारणच नव्हतं.

ते कारण कागदाने दिलं. १८६१ च्या कायद्याने सरकारने नोटा काढायचा हक्क स्वतःकडे घेतला. सुरुवातीच्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या होत्या आणि सामान्य माणसाच्या हाती क्वचितच पडत. व्यापारी तर नोट मधोमध कापून एक अर्धा टपालाने पाठवत आणि तो पोचल्याची खबर आली की दुसरा. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाल्यावर एक रुपयाचीही नोट निघाली, आणि कागद खऱ्या अर्थाने बाजारहाटाच्या माणसाच्या खिशात आला. तोवर हा कागद छापला जात होता इंग्लंडमध्ये. नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली १९२५ साली, आणि १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे पाकिटाच्या आतल्या कप्प्याची लांबी-रुंदी पुढची कित्येक वर्षं जेलरोडच्या भिंतीआड कापल्या जाणाऱ्या कागदावर ठरत होती. पँटच्या मागच्या खिशाने बाकीचं काम केलं. धोतराला असलं पाकीट ठेवायची सोयच नव्हती.

आता कातडं.

गावात जनावर मेलं की ते ओढून नेणं महारांकडे, कातडं कमावणं ढोरांकडे आणि त्याच्या वहाणा करणं चांभारांकडे, अशी वाटणी होती. जागोजागी थोडाफार फरक असे, पण काम करणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचं यावर सगळीकडे एकमत होतं. ढोरांची रीत अशी: कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग ते पिशवीसारखं शिवून तिकाटण्याला टांगायचं आणि आत बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपत राहतं, खाली भांड्यात जमतं, ते पुन्हा वरून ओतायचं. असं कित्येक दिवस. या कातड्याचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. विहिरीवरची मोट, तिची सोंड, नाडे, चाबूक, पखाल, सगळं चामड्याचं. गोदेकाठच्या मळ्यांना इंजिन येण्याआधी पाणी दिलं ते या कातड्याने. मळेवाल्याला ते पाणी चाले, मोट करणाऱ्याचा हात मात्र चालत नसे. ‘चांभाराच्या देवाला खेटराची पूजा’ ही म्हण आपण किती सहज वापरतो! तिच्यातला उपहास कारागिराच्या वाट्याला आला आणि जोडा आपल्या पायात राहिला.

नाशिकमध्ये हे विसरता येऊ नये. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला तो याच माणसांसाठी. तो पाच वर्षं चालला आणि दार काही उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. येवलाही याच जिल्ह्यातलं.

कातड्याच्या बाबतीत त्या काळात दोन उलट्या दिशांच्या हालचाली चालू होत्या. मेलेली गुरं ओढायचं काम टाका, असं आंबेडकर सांगत होते, आणि महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी ते टाकलंही. दुसरीकडे गांधींच्या वर्तुळातली सवर्ण माणसं मुद्दाम तेच काम हातात घेत होती. गांधींनी स्वतः दक्षिण आफ्रिकेत चपला शिवल्या होत्या. एक जोड तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सना दिला होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, मेलेल्या जनावरांचंच कातडं वापरायचं या नियमाने. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी तसंच केलं. यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्यावर काम लादलेलं असतं त्याला ते सोडण्यात मोकळीक असते आणि ज्याच्यावर नसतं त्याला ते धरण्यात, हा फरक आजच्या छंदालाही लागू आहे. माझ्या हाताला चामड्याचा वास येतो तेव्हा घरी कौतुक होतं. तो वास कुणाच्या आज्याला गावाबाहेर ठेवत होता.

गावातला कमावण्याचा धंदा मोडला तो मात्र चळवळींनी कमी आणि रसायनाने जास्त. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमच्या क्षारांनी कातडं कमावण्याचं पेटंट घेतलं. भारतात आल्फ्रेड चॅटर्टनने मद्रासला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आणलं. ज्याला आठवडे लागत ते एक-दोन दिवसांत होऊ लागलं, चामडं मऊ निघू लागलं, पाण्याला टिकू लागलं. कच्ची कातडी गावातून उचलून मद्रास, कानपूर, मुंबईकडे जाऊ लागली. मोटेच्या जागी इंजिन आलं, मग वीज. ढोरांकडे कुंड्या राहिल्या आणि गिऱ्हाईक गेलं. चांभार शहरात येऊन रस्त्याकडेला बसला. सरकारी भाषेत तो झाला गटई कामगार. १९७४ साली त्याच्यासाठी राज्याचं चर्मोद्योग महामंडळ निघालं, पुढे पत्र्याचे स्टॉलही मिळू लागले. नाशिकच्या सीबीएस किंवा शालिमारच्या बाजूला तसले स्टॉल दिसतात.

मग छंद आला कुठून? आपल्याकडून नाही. चामडं शिवणं ही फावल्या वेळची गोष्ट होऊ शकते हे युरोप-अमेरिकेतल्या लष्करी इस्पितळांनी रुजवलं. महायुद्धांत जखमी होऊन महिनोन्महिने पडून असलेल्या सैनिकांच्या हाताला चाळा आणि बोटांना व्यायाम म्हणून त्यांना कापून तयार केलेले तुकडे आणि चामड्याची दोरी देत. त्यातून पट्टे होत आणि पाकिटं होत. टेक्सासमध्ये बुटाच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या टँडी घराण्यातल्या चार्ल्सने हे नौदलात असताना पाहिलं आणि वडिलांच्या गळी उतरवलं की बुटाच्या सामानापेक्षा छंदाच्या सामानात पैसा आहे. धंदा इतका चालला की १९६३ साली टँडीने रेडिओशॅक ही डबघाईला आलेली दुकानांची साखळी विकत घेतली, आणि १९७७ मध्ये त्याच कंपनीने टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर आणला. पाकिटाच्या किटपासून कॉम्प्युटरपर्यंत! हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भारतात याला जवळची गोष्ट म्हणजे शांतिनिकेतनचं चामडं. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी श्रीनिकेतनात चामड्यावर बाटिकचं काम रुजवलं. तिथल्या नक्षीच्या पर्सेस हस्तकलेच्या प्रदर्शनांतून आपल्याकडेही घरोघरी आल्या. पण त्या विकत घ्यायच्या वस्तू राहिल्या. नाशिकच्या मध्यमवर्गाला हातात आरी, म्हणजे भोक पाडायचा टोच्या, घ्यावीशी वाटली ती इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून, गेल्या दहाएक वर्षांत. बऱ्याच जणांची सुरुवात २०२० च्या टाळेबंदीतली.

त्या व्हिडिओंमध्ये जी शिवण दिसते ती सॅडल स्टिच, म्हणजे खोगीर आणि घोड्याचा साज शिवणाऱ्यांची. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या आणि सारख्या जोराने ओढायच्या. शिलाई मशीन वरचा आणि खालचा असे दोन दोरे मधे अडकवतं. त्यातला एक तुटला की टाके सुटत जातात. सॅडल स्टिचमध्ये एक टाका झिजून तुटला तरी प्रत्येक भोकात दोऱ्याची दुसरी बाजू असतेच, शिवण जागची हलत नाही. घोड्याचा लगाम मधेच उसवून चालत नसे, म्हणून ही रीत. गंमत म्हणजे आपल्या गटईवाल्याला दोन टोकांची शिवण परकी नाही. जाड चप्पल शिवताना तो आरीने भोक पाडून दोरा दोन्हीकडून घेतो, आणि भोकांतलं अंतर नजरेने राखतो. आम्ही त्यासाठी चार मिलिमीटरच्या दात्यांचे पंच मागवतो.

रापीचंही, म्हणजे चांभाराच्या चामडं तासायच्या सुरीचंही, तेच. पाकिटात जिथे चार थर एकावर एक येतात तिथे कडा तासून पातळ कराव्या लागतात, नाहीतर घडी बसत नाही. परदेशी चाकूने मी ते शिकत होतो तेव्हा नाशिकरोडच्या एका बाबांनी तो चाकू उलटापालटा करून पाहिला, बाजूला ठेवला आणि आपली रुंद रापी काढली. चामडं दगडावर ओलसर करून पसरलं, डाव्या अंगठ्याने ताणून धरलं आणि रापी स्वतःकडे न ओढता पुढे ढकलली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी सलग पट्टी निघाली. “धार चामड्यावर नाय, दगडावर कमवायची,” म्हणाले. त्यांचा मुलगा अंबडला एका कंपनीत आहे, त्याला यातलं काही येत नाही आणि ते त्यांना बरंच वाटतं. याच कामाला प्रदर्शनात ‘हँडमेड’चं लेबल लागलं की हजारांत किंमत सांगता येते, आणि बाबांच्या टाक्याला लोक दहा रुपयांवरून घासाघीस करतात.

सामान मिळवण्याची वाट अजून मुंबईचीच आहे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरायची, दादरला उतरून धारावी गाठायची. तिथल्या टॅनऱ्या केव्हाच बाहेर गेल्या, पण चामड्याचे व्यापारी आणि माल शिवणारे आहेत. चामडं चौरस फुटावर मिळतं. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला साधारण एक ते सव्वा मिलिमीटर, आतल्या कप्प्यांना त्याहून पातळ. छंदवाले हट्टाने झाडाच्या सालीत कमावलेलंच मागतात, कारण त्याची कड ओली करून लाकडाने घासली की काचेसारखी चकाकते. क्रोमच्या चामड्याची कड तशी बसत नाही, तिला रंग थापावा लागतो. बाभूळ-हिरड्याची जी रीत अडाणी म्हणून मोडीत निघाली, ती आता ‘व्हेज टॅन’ म्हणून जास्त दाम देऊन घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यापासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हैस त्यातून वगळलेली आहे. त्यामुळे हाताशी येतं ते मुख्यतः म्हशीचं, आणि अस्तराला शेळीचं.

शेवटचा बदल पुन्हा नोटेनेच केला. जुनी हजाराची नोट १७७ बाय ७३ मिलिमीटर होती, पाचशेची १६७ बाय ७३. इंटरनेटवर फुकट मिळणारे पॅटर्न बहुतेक डॉलरच्या मापाचे, आणि डॉलर सुमारे १५६ बाय ६६. बेताचा पॅटर्न घेतला की हजाराच्या नोटेचे कोपरे मुडपत, वरून कड डोकावे. नोव्हेंबर २०१६ नंतर आलेल्या पन्नास आणि त्यावरच्या नोटांची उंची ६६ झाली. नवी पाचशेची १५० बाय ६६. परदेशी पॅटर्नमध्ये भारतीय नोट एकदम बसायला लागली. या गोष्टीची बातमी कुणी केली नाही, पण छंदवाल्यांना ती कळली.

त्याच वर्षी यूपीआयही सुरू झालं, आणि आता लांबी ठरते कार्डावर. कार्ड जगभर एकाच मापाचं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटरच्या जवळपास. घडीच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा धरला की शिवण आणि घडीसकट एकोणीस-वीस सेंटिमीटर होतातच, पाचशेची नोट त्यात आरामात जाते. नवशिक्याला म्हणून मी नोटेचं पाकीट सांगतच नाही, दोन कप्प्यांचं कार्ड होल्डर करायला सांगतो. आधार, पॅन, लायसन्स आणि डेबिट कार्ड त्यात मावतात, नोट दुमडून मागे सरकवता येते, आणि चामडं वाया गेलं तर थोडकंच जातं.