गाडीच्या साउंडसाठी पारदर्शक शीट घेताना

आमच्या प्लॅस्टिक शीटच्या दुकानात आल्याआल्या बरेच ग्राहक म्हणतात, "सहा एमएमचं फायबर द्या, आरपार दिसणारं." आम्ही विचारतो, "बसणार कुठे?" काहींना हा प्रश्न नको असतो. फिटर बडोद्यातल्या मकरपुऱ्याला गाडी उघडून बसलेला असतो, घाई असते. तरी आम्ही तो विचारतोच. सबवूफरच्या, म्हणजे बेसच्या मोठ्या स्पीकरच्या, पेटीची खिडकी, ॲम्प्लिफायरवरचं झाकण आणि मागच्या काचेखालच्या ट्रेवरचा पॅनल या तीन जागांना तीन वेगळ्या शीट लागतात. चुकीची शीटही पहिल्या दिवशी तितकीच सुंदर दिसते. चूक कळते ती मे महिन्यात.

"फायबर" म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली बाजारात निदान तीन वस्तू विकल्या जातात. पहिली ॲक्रिलिक. हिचा मूळ कच्चा माल मिथाइल मेथाक्रिलेट, जो आपल्या बडोद्याच्या जीएसएफसी या खत-रसायन कंपनीनेही बनवला आहे. ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के उजेड आरपार जातो, कडा घासली की काचेसारखी चमकते, चरे त्यामानाने कमी पडतात. पण जोराचा फटका बसला की तडा जातो. दुसरी पॉलिकार्बोनेट. ही हातोड्यालाही सहजासहजी दाद देत नाही आणि उष्णता कितीतरी जास्त सोसते, पण नखाएवढ्या कारणाने चरा पडतो. तिसरी पॉलिस्टायरीन. ती स्वस्त असते, नवी असताना चकचकीत दिसते, आणि गाडीत बसवण्याच्या लायकीची मुळीच नाही.

काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने आम्हाला ॲक्रिलिक म्हणून पॉलिस्टायरीन दिली. आम्हीही ओळखली नाही आणि दोन ग्राहकांच्या गाड्यांत बसवली. दोन्ही पॅनल स्क्रूपाशी तडकले, दोन्ही आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून नव्या मालातला एक बारीक तुकडा चिमट्यात धरून दुकानाबाहेर जाळून पाहतो. ॲक्रिलिक स्वच्छ जळते, गोडसर, फळासारखा वास येतो. पॉलिस्टायरीन काळी काजळी सोडत जळते. पॉलिकार्बोनेटलाही काजळी येते, पण ज्योत बाजूला केली की ती आपोआप विझत जाते. तुम्ही दुसरीकडून शीट घेणार असाल तरी कापलेला तुकडा मागून घ्या आणि मोकळ्या जागेत ही परीक्षा करा. धूर मात्र जवळ जाऊन हुंगू नका.

ॲक्रिलिकमध्येही दोन प्रकार आहेत: साच्यात ओतलेली, म्हणजे कास्ट, आणि यंत्रातून दाबून काढलेली, म्हणजे एक्सट्रूडेड. एक्सट्रूडेड स्वस्त पडते, जाडी सगळीकडे सारखी भरते, पण कापताना वितळून ब्लेडला चिकटते आणि आतला ताण नंतर बारीक तड्यांच्या रूपाने बाहेर येतो. गाडीच्या कामाला आम्ही कास्टच देतो. हिची जाडी मात्र कमीजास्त असते. तीन एमएम म्हणून विकलेली शीट कधी २.७ च भरते. म्हणून फिटरने लाकडात खाच पाडण्याआधी शीट व्हर्नियरने मोजावी, बिलावरचा आकडा पाहून खाच पाडू नये.

सबवूफरच्या पेटीची खिडकी

सगळ्यात अवघड काम हेच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पेटी साधारण १८ एमएम एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची असते. तिच्या एका बाजूला खिडकी पाडून आत स्पीकर दिसावा अशी हौस असते, आणि ती हौस आम्हालाही आवडते. पण पेटीच्या आतली हवा दर ठोक्याला शीटला आत ओढते आणि बाहेर ढकलते. शीट लवली की बेसची ताकद तिथेच खर्च होते, वर खरखर ऐकू येते.

शीटची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. सहाच्या जागी बारा एमएम घेणं याचा अर्थ केवळ दुप्पट मजबुती असा नाही. वीतभर खिडकीला आम्ही १२ एमएमच्या खाली जात नाही. फूटभरापेक्षा मोठी असेल तर १८ किंवा २० एमएम, नाहीतर मध्ये लाकडाची पट्टी. वजनाची काळजी फार करू नका: १२ एमएम ॲक्रिलिकचा एक चौरस फूट साधारण १.३ किलो भरतो, तेवढीच काच त्याच्या दुपटीहून जड असते.

शीट लाकडाच्या खाचेत बसवावी, खाली बंद छिद्रांची फोम टेप चारही बाजूंनी अखंड लावावी. जोड कोपऱ्यावर न घेता सरळ बाजूवर घ्यावा. सिलिकॉन लावायचं झालं तर न्यूट्रल घ्यावं, व्हिनेगरसारखा वास येणारं नको. स्क्रू वॉशरसह, सपाट बुडाच्या डोक्याचे. सीएसके, म्हणजे निमुळत्या डोक्याचा, स्क्रू पाचरीसारखा आत घुसतो आणि भोकापासून तडा जातो. चाकाचे नट आवळतो तसे समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, हातानेच आवळावेत. आणखी एक गोष्ट खूप फिटरना माहीत नसते: नट सैल होऊ नये म्हणून लावायचा थ्रेडलॉकचा द्रव ॲक्रिलिकला आणि पॉलिकार्बोनेटला लागला की काही दिवसांत भोकाभोवती तड्यांचं जाळं पसरतं. तिथे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, नट वापरा.

भोक मोठं का पाडायचं?

ॲक्रिलिक उष्णतेने लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगते. ६० सेंटिमीटरचा पॅनल जानेवारीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून बंद गाडीतल्या ६० अंशांपर्यंत गेला की सुमारे दोन एमएम लांबतो. चार एमएमच्या स्क्रूला चारचंच भोक असेल तर त्या दोन एमएमना जायला जागा नाही. भोक सहाचं हवं, कडेपासून निदान दोन भोकांएवढं आत हवं. ड्रिलचं पान लाकडासाठी असतं तसं धारदार नको, धार थोडी बोथट केलेली हवी. खाली फळी ठेवून सावकाश दाबावं.

मागचा ट्रे आणि ॲम्पचं झाकण

बडोद्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. बंद गाडीत थेट काचेखालचा भाग त्याहून खूप जास्त तापतो, ७० अंशांच्या वरही. ॲक्रिलिक ८० अंशांच्या पुढे भरवशाची राहत नाही, स्वतःच्याच वजनाने बाक येतो. म्हणून मागच्या काचेखाली पॉलिकार्बोनेट, तीही यूव्ही थर, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारा थर, असलेली. हा थर बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो आणि वरच्या फिल्मवर तसं छापलेलं असतं. ती बाजू उन्हाकडे. फिल्म आधीच फाडली तर बाजू ओळखता येत नाही.

ॲम्पच्या झाकणाला सहा एमएम पुरते, पण हवेसाठी दोन्ही टोकांना फट सोडाच. नक्षी तुटते म्हणून फट नको म्हणणाऱ्यांना आम्ही स्पष्ट नाही म्हणतो.

लाइट

शीटच्या कडेला एलईडी पट्टी लावली की उजेड आतल्या आत उसळत पुढे जातो आणि जिथे लेझरने कोरलं आहे तिथेच बाहेर पडतो. त्यासाठी उजेड आत शिरतो ती कडा पॉलिश केलेली हवी आणि कोरीव काम मागच्या बाजूने. ॲक्रिलिक लेझरवर सुंदर कापली जाते. पॉलिकार्बोनेट पिवळी पडते, जळते. ती करवतीने किंवा राउटरने, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्राने, कापावी लागते. पीव्हीसी लेझरखाली घातली तर विषारी, आम्लाचा धूर निघतो, म्हणून ती आम्ही लेझरला घेतच नाही.

लेझरने कापलेल्या कडेत ताण राहतो. ती तशीच क्लोरोफॉर्मसारख्या द्रवाने चिकटवली तर तडे जातात. अशा तुकड्यांना आम्ही ८० अंशांच्या आसपास भट्टीत काही तास ठेवून हळूहळू थंड करतो. म्हणून चिकटवायच्या कामाला एक दिवस जास्त लागतो. नवरात्रीआधी गर्दी असते, तेव्हा दोन दिवस धरून चाला.

पुसायचं असेल तर आधी पाण्याने धूळ उतरवा, मग सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ओलं कापड. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, अमोनियाचा काच-क्लीनर यांतलं काहीही नको.

खिडकीची मूळ काच काढून तिथे आमची शीट बसवून मागू नका. गाडीच्या काचांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत, आणि ते काम आम्ही करत नाही.

येताना पुठ्ठ्याचा कापलेला नमुना आणा, त्यावर स्क्रूच्या जागा आणि "वरची बाजू" लिहिलेली असू द्या. पेटीसाठी असेल तर स्पीकरचा व्यास सांगा. छोट्या कामाला पूर्ण आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नाही, कट-पीसच्या कपाटातून आधी तुमच्या मापाचा तुकडा शोधून देऊ. कागद किंवा फिल्म मात्र गाडीत सगळं बसून झाल्यावरच काढा, आणि शीट तशीच उन्हात पडू देऊ नका, नाहीतर तो कागद निघता निघत नाही.