लॉला नंबर लागला नाही? दुसऱ्यांदा अर्ज भरण्याआधी हे वाचा

सातारा, पोवई नाका. दिवाळी झाली की लॉ प्रवेशाचे अर्ज भरून देणाऱ्या आमच्या छोट्या केंद्रात मुलं-मुली मागच्या वर्षीची प्लॅस्टिकची फाईल घेऊन येतात. सोबत आई नाहीतर वडील असतात आणि बसता बसता सांगतात, "लॉला नंबर लागला नाही, परत भरायचंय."

भरू. पण आधी मागचा अर्ज उघडू. नंबर नक्की कुठे हुकला ते न बघता भरलेला दुसरा अर्ज म्हणजे पहिल्याचीच झेरॉक्स असते.

कोरेगाव तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या लॉ प्रवेश परीक्षेचा, स्कोअर बरा होता, कागदपत्रं चोख. घरच्यांना वाटत होतं, पोरगी अभ्यासात कमी पडली. तिच्या लॉगिनमधून ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची यादी, काढला तर त्यात चारच कॉलेजं, चारही पुण्याची. सातारचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज नाही, सांगलीचं एन. एस. सोटी नाही, कोल्हापूरचं शहाजी नाही. वडील म्हणाले, "खाली साधी कॉलेजं लिहिली तर पुण्याचा चान्स जाईल असं कुणीतरी सांगितलं."

हा गैरसमज आम्हाला दर वर्षी भेटतो. कॅप राऊंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत, संगणक तुमची यादी वरून खाली वाचत येतो आणि तुमच्या मेरिटला जिथे पहिल्यांदा जागा बसते तिथे थांबतो. खाली दहा नावं जादा लिहिली म्हणून वरच्या कॉलेजची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट यादी लवकर संपली तर हातात काहीच राहत नाही. फक्त जिथे खरोखर जाणार नाही असं कॉलेज लिहू नका, कारण मिळालेली जागा नाकारल्यावर पुढच्या फेरीचं काय होतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नियमावर ठरतं. त्या मुलीच्या स्कोअरला कुठे कुठे जागा होती हे कटऑफच्या यादीत दिसल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुण्याचा हट्ट आम्हाला कळतो. पण 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली हे दोन्ही जिल्हे त्याखाली येतात. हायकोर्टाचं काम आता एसटीच्या एका प्रवासावर आलं आहे. इथेच वकिली करायची असेल तर इथलं कॉलेज कमीपणाचं का मानायचं?

काहींचा नंबर कागदावर जातो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते आणि जुन्या फाईलमधला दाखला तसाच अपलोड होतो. जातपडताळणीची व्हॅलिडिटी वेळेत येत नाही आणि उमेदवार आरक्षणातून खुल्या यादीत जातो. दहावीच्या मार्कलिस्टवर एक नाव आणि जातीच्या दाखल्यावर दुसरंच असेल तर ई-स्क्रूटिनीत (कागदपत्रांच्या ऑनलाईन तपासणीत) अर्ज परत येतो, आणि तो मेसेज कुणी बघितलेला नसतो. ही कामं जुलैत होत नाहीत. आत्ता, थंडीत, सेतू केंद्रात गर्दी कमी असताना करून घ्या. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा स्टॅम्प लागत नाही, शासनाने तो माफ केला आहे. कुणी मागितला तर तसं सांगा.

स्कोअरच कमी असेल तर सीईटी पुन्हा द्यावीच लागते. मागचा स्कोअर पुढच्या वर्षी चालत नाही. नोंदणी साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कळकळीने सांगणं आहे : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत एक तृतीयांश गुण इंग्रजीचे असतात. वर्षभर राज्यघटना आणि चालू घडामोडी पाठ करून इंग्रजी शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकललं की तिथेच मार खातो. रोज एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचा, अडलेले शब्द वहीत लिहा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न मोकळा सोडू नका. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, क्लॅटचं, मात्र वेगळं आहे. तिथे प्रत्येक चुकीला पाव गुण जातो, दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी ही सवय वेगळी ठेवावी.

फी भरण्याआधी पात्रता बघून घ्या. खुल्या प्रवर्गाला पदवीला (पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला) 45 टक्के, इतर मागासवर्गाला 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. साडेचव्वेचाळीस म्हणजे पंचेचाळीस धरत नाहीत. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पूर्वतयारी करून पदवी घेतली असेल तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे लॉला प्रवेश मिळत नाही. हे सांगताना आम्हालाही जड जातं, पण सीईटी देऊन झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

वर्ष गेलं याची लाज बाळगू नका. मागच्या वेळी नंबर लागला नाही हे अर्जात कुठेही लिहावं लागत नाही आणि यादी फक्त मेरिटवर लागते. गॅपचं प्रतिज्ञापत्र तेवढं लागेल, ते आम्ही करून देतो.

आम्ही प्रवेशाची हमी देत नाही. "सीट करून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, तो आमचं नाव सांगत आला तरी. जुना अर्ज बघून कुठे चुकलं ते सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही. नवीन अर्ज भरायचा असेल तेव्हाच आमची फी, आणि ती पावतीसह.

येताना मागच्या वर्षीचा लॉगिन आणि पासवर्ड, स्कोअरकार्ड, ऑप्शन फॉर्मची प्रिंट असेल तर ती, आणि सगळे दाखले मूळ प्रतीत आणा. झेरॉक्सवर तारखा पुसट येतात. पासवर्ड विसरला असेल तर नोंदणीचा मोबाईल ज्याच्याकडे आहे त्यालाही सोबत घेऊन या, ओटीपी त्याच्याच फोनवर येतो.