झेलट भारी की झर्गलिंग? आधी जागा सांगा

इंदूरला आमच्या रामबागेत सुट्टीत पोरं जमली की स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळावरनं वाद ठरलेला, त्यातल्या जातींपैकी प्रोटॉस भारी का झर्ग, आणि भाचा तर ठामच, म्हणे मामा प्रोटॉसचा एक सैनिक, झेलट, झर्गच्या चार छोट्या झर्गलिंगना सहज लोळवतो. मला हा प्रश्न फार आवडतो कारण याच्यात खरंखुरं गणित आहे.

आधी खर्च सारखा करून घ्या. 1 झेलट म्हणजे 100 मिनरल (खेळातला पैसा), तेवढ्यात 2 मरीन (तिसऱ्या, माणसांच्या जातीचे सैनिक) किंवा 4 झर्गलिंग येतात, सप्लायपण, म्हणजे फौजेच्या मर्यादेतली जागा, तिघांचा 2च. आता ब्रूड वॉरमधे (पहिल्या स्टारक्राफ्टचा वाढीव भाग) झेलटचा जीव शील्ड धरून 160, झर्गलिंगचा 35, म्हणजे साधारण साडेचार पट. झेलटचा एक वार मोठा असतो पण झर्गलिंग भराभर चावतं त्यामुळे सेकंदाच्या हिशोबात मारा थोडाच कमी पडतो. दोन्ही गुणलं तर झेलट एका झर्गलिंगच्या पाच-सहा पट.

मग चारांना पुरून उरेल ना? मोकळ्या मैदानात नाही. फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्लिश इंजिनियरने 1916 मधे दाखवलं की सगळे एकदम लढू शकत असतील तर फौजेची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते, कारण माणसं दुप्पट झाली की मारा दुप्पट होतोच, शिवाय समोरचा मारापण दुप्पट जणांत वाटला जातो. म्हणजे चौघांशी बरोबरी करायला एकटा 16 पट हवा, आणि आपला पाच-सहावरच अडकलाय. पण तोच झेलट अरुंद रॅम्पवर, म्हणजे चढाच्या चिंचोळ्या वाटेवर उभा करा, सराफ्याच्या गर्दीतल्या गल्लीसारखं एका वेळी एकच जण पुढे येऊ शकतो, तिथे वर्ग गेला, नुसते 4 पट पुरतात, आणि झेलट जिंकतो. युनिट तीच, खर्च तोच, निकाल उलटा!

अपग्रेडचं तर अजूनच भारी. झेलटच्या दोन पात्यांचे 8 आणि 8 असे 16, म्हणून 35 जीवाच्या झर्गलिंगला तीन वार लागतात. हत्याराचं +1 अपग्रेड घेतलं की 9 आणि 9, दोन वारांत 36, फक्त एका पॉइंटने काम होतं. समोरच्याने चिलखताचं +1 घेतलं की परत तीन. म्हणून मॅच बघताना कोणाचं अपग्रेड आधी संपलं हे बघत जा, नुसती फौज मोजू नका.

फौज फोडून आणणं तर सगळ्यात महाग पडतं. सारख्याच ताकदीचे 10 विरुद्ध 14, पण ते 14 आधी 6 मग 8 असे आले तर? वर्गाच्या हिशोबाने 100 वजा 36, उरले 64, म्हणजे 10 वाल्याचे 8 शिल्लक, आणि पुढची लढाई 8 ला 8, बरोबरीची.

जातीतच ताकद भरलेली असते हे मला पटत नाही. 2019 मधे डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या एआय प्रोग्रॅमने स्टारक्राफ्ट 2 मधे तिन्ही जातींनी ग्रँडमास्टर ही सगळ्यात वरची पातळी गाठली.

आणि वरचं सगळं गणित रसद चालू आहे असं धरून आहे. ती तोडली की आकडे बाजूलाच राहतात. 1737 च्या शेवटी बाजीरावांनी निजामाला भोपाळला असंच कोंडलं, धान्य-चारा बंद केला, आणि जानेवारी 1738 मधे सीहोरजवळ दोराह्याला त्याला माळवा सोडायचा तह करावा लागला. भाच्याला म्हणलं, समोरच्याचे मिनरल खणणारे वर्कर मार, झेलटचं नंतर बघू.