विज्ञान-सल्ला परिषदेत संस्थांना जागा मिळाली कशी?

सरकारने विज्ञानाचा सल्ला कसा घ्यावा आणि शास्त्रज्ञांनी तो कसा द्यावा, या विषयावर आता मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. त्यांत संस्थांना शिरायला साधारण चार वाटा असतात. प्रायोजक म्हणून पैसे द्यायचे, सहआयोजक म्हणून नाव आणि माणसं द्यायची, एखाद्या सत्राचा प्रस्ताव पाठवायचा, किंवा मुख्य परिषदेच्या आगेमागे आपल्या गावात समांतर कार्यक्रम भरवायचा. शुल्क भरून प्रतिनिधी पाठवणं तर आहेच. गोव्यातल्या एखाद्या शेतकरी संघटनेला किंवा वाचनालयाला हा सगळा प्रकार कंपन्यांच्या मेळाव्यासारखा वाटेल, आणि थोडाफार तो तसा आहेही. पण या वाटा एका दिवसात पडलेल्या नाहीत.

बिगरसरकारी संस्थांना आंतरराष्ट्रीय बैठकीत बसू देण्याची सोय 1945 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच आहे. तिच्या 71 व्या कलमाने आर्थिक व सामाजिक परिषदेला अशा संस्थांशी सल्लामसलत करण्याची मुभा दिली. मुभा, बंधन नव्हे. 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत सरकारी बैठकीच्या शेजारी संस्थांचं वेगळं व्यासपीठ भरलं. आजचे समांतर कार्यक्रम त्याच वळणाचे. 1992 साली रिओच्या पर्यावरण परिषदेत ‘अजेंडा 21’ हा विकासाचा कृती-आराखडा मंजूर झाला तेव्हा नऊ मोठे समाजगट मान्य केले गेले. त्यांत एक गट शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांचा होता आणि एक शेतकऱ्यांचा. एकाच यादीत, मान सारखाच. प्रत्यक्षात तो कितपत सारखा राहिला, हा वेगळा विषय.

इकडे विज्ञानाचा सल्ला मात्र बंद खोलीतच चालायचा. सोव्हिएत उपग्रह स्पुतनिक उडाल्यावर 1957 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जेम्स किलियन यांना आपले विज्ञान सल्लागार केलं. ब्रिटन सरकारने 1964 मध्ये सॉली झुकरमन यांना मुख्य वैज्ञानिक सल्लागार नेमलं. भारतात प्रधान वैज्ञानिक सल्लागाराचं कार्यालय 1999 मध्ये निघालं आणि पहिली नेमणूक अब्दुल कलाम यांची झाली. सगळीकडे रचना तीच : एक जाणकार माणूस, एक पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष, आणि मधे फायली.

या रचनेला हादरा बसला तो इटलीतल्या लाक्विलामध्ये. एप्रिल 2009 च्या भूकंपात तिथे तीनशेहून अधिक माणसं गेली. त्याआधीच्या आठवड्यात तज्ज्ञांची बैठक झाली होती आणि लोकांपर्यंत ‘काळजीचं कारण नाही’ असाच सूर पोचला होता. 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली. 2014 मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले. सल्ला कोणी दिला, कोणी सांगितला, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न मात्र सुटले नाहीत. त्याच वर्षी, ऑगस्ट 2014 मध्ये, न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचे विज्ञान सल्लागार पीटर ग्लकमन यांच्या पुढाकाराने ऑकलंडला परिषद भरली आणि तिच्यातून ‘इंग्सा’ हे सरकारी विज्ञान-सल्ल्याचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. पुढे ब्रसेल्स (2016), टोकियो (2018), माँट्रियल (2021) आणि किगाली (2024) अशा परिषदा झाल्या.

गोव्यातल्या संस्था या विषयात कुणाच्या निमंत्रणाने आल्या नाहीत. गोव्याची जमीन कशी वापरायची हे ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा 2011’ विरुद्ध रान उठलं आणि जानेवारी 2007 मध्ये तो रद्द झाला. त्यानंतरच्या ‘प्रादेशिक आराखडा 2021’ साठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारखे तज्ज्ञ बसले आणि मसुद्याचे नकाशे सूचनांसाठी पंचायतींत गेले. सर्व्हे नंबर बघून कुठे खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), कुठे डोंगरउतार, कुठे झर, हे ग्रामस्थ सांगू लागले. सल्ल्याची याहून खुली पद्धत मला तरी इथे दुसरी आठवत नाही. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये तयार होता. तो लोकांना मिळाला मे 2012 मध्ये, माहिती अधिकाराचा अर्ज आणि न्यायालय असा फेरा झाल्यावर. खाणींच्या बाबतीत तर एका संस्थेला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि 2014 च्या निकालात खनिज उत्खननाला वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली.

म्हणजे इथल्या संस्थांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. खाजनाचंच घ्या. भरती चढली की मानसाची, म्हणजे बांधातल्या जलद्वाराची, लाकडी दारं पाण्याच्याच दाबाने मिटतात; ओहोटीला आतलं पाणी ती उघडून नदीत उतरतं. फळी कुजली किंवा कुर्ल्यांनी बांध पोखरला की खारं पाणी शेतात शिरतं, आणि मग खार सोसणारा कोरगूट हा भातही फार तग धरत नाही. कुठला बांध कधी फुटला हे कुळांच्या संघटनेला तोंडपाठ असतं. दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, समुद्राच्या पातळीचा अभ्यास करणारी माणसं तिथे आहेत. या दोघांना एका सत्रात बसवलं तर तो प्रस्ताव कुठल्याही परिषदेत उभा राहील.

म्हणून छोट्या संस्थांनी सत्राच्या वाटेने जावं असं माझं मत आहे. ती नाही जमली तर समांतर कार्यक्रम. त्याला आपलं सभागृह आणि आपली भाषा पुरते. प्रायोजकाच्या वाटेवर मात्र काटे आहेत. 2003 च्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराने 5.3 या कलमात तंबाखू उद्योगाला आरोग्यधोरणापासून दूर ठेवलं, कारण त्या उद्योगाने पैशाने विज्ञान वाकवल्याचा अनुभव ताजा होता. गोव्यात उद्या अशी परिषद भरली तर पैसे घेऊन पुढे कोण येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. विषय आणि वक्ते ठरवण्यात प्रायोजकाचा हात नसेल, हे आयोजकांकडून आधी लेखी घ्यावं. आणि सत्राचा प्रस्ताव पाठवताना दुभाष्याचा खर्च त्यातच मांडावा. मागाहून मागितला तर ‘आता बजेट संपलं’ हे उत्तर ठरलेलं असतं.