सांधा बदलल्यावर आजूबाजूचं हाड का झिजतं? मागची गोष्ट

आमच्या आत्तीचा डावा खुबा १९९९ साली बदललेला. मागच्या महिन्यात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे लाईटवर लावून दाखवला तर नकली सांध्याचा बॉल वाटीत मधोमध नाही, वर सरकलेला, आणि वाटीच्या मागं हाडात काळा डाग, म्हणजे तिथलं हाडच नाहीसं झालेलं. आत्ती म्हणाली, "ताप नाही, पू नाही, अंबाबाईला चालत जातीय मी, मग हाड गेलं कुठं?"

हा प्रश्न डॉक्टर लोकांनाच कितीतरी वर्षं सुटला नव्हता.

इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात हाडांचे सर्जन जॉन चार्नली १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनच्या वाट्या बसवायचे. गुळगुळीत म्हणून निवडलेलं टेफ्लॉन दोन-तीन वर्षांतच झिजलं आणि त्याच्या चुऱ्याभोवती गाठी झाल्या. चार्नलींनी मग टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन नावाचं नवीन प्लास्टिक दोन्हीचे नमुने स्वतःच्याच मांडीत घालून घेतले, नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ हाताला लागत होती, पॉलिथिलीनच्या जागी काही नाही. दुसऱ्याच्या अंगात घालायच्या आधी स्वतःच्या अंगावर बघितलं, मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनची वाटी सुरू झाली आणि ती टिकली.

पण झिजत तीही होतीच, फक्त हळू. १९७० च्या दशकात हाडात पोकळ्या दिसायला लागल्या तेव्हा दोष सांधा हाडात बसवायच्या सिमेंटवर गेला, पुढं 'सिमेंटचा आजार' असं नावच पडलं. म्हणून बिनसिमेंटचे सांधे आले, आणि त्यांच्याभोवतीही तसंच हाड खाल्लेलं दिसलं, तेव्हा कुठं सगळ्यांचं लक्ष प्लास्टिकच्या चुऱ्याकडं वळलं. जर्मन सर्जन विलर्ट यांनी तर १९७७ मध्येच लिहिलं होतं की चुरा शरीराला निचरा करता येईल त्यापेक्षा जास्त झाला की त्रास सुरू होतो.

होतं असं की एक मायक्रॉनपेक्षाही बारीक कण शरीरातल्या सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, पण प्लास्टिक काही त्यांना पचत नाही, मग त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन असली सूज आणणारी रसायनं सोडत राहतात आणि त्यानं हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात. जंतू नाहीत, म्हणून ताप नाही, पूही नाही. सांधा सैल होईपर्यंत बहुतेकदा दुखतही नाही!

१९९० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे आतल्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं प्लास्टिक आलं, ते खूपच कमी झिजतं. आत्तीची वाटी मात्र जुन्या प्लास्टिकची. डॉक्टर म्हणाले, धातूचा कप अजून घट्ट आहे, आतलं लायनर, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर, आणि बॉल बदलू आणि पोकळीत हाडाचा चुरा भरू.