स्थळपाहणी (ऐतिहासिक कादंबरीलेखन, सातारा परिसर)

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणारा कादंबरीकार लिहायला बसण्याआधी आणि लिहिता लिहिताही जी पायपीट, दफ्तरवाचन आणि तिथीवारांची पडताळणी करतो, तिला स्थळपाहणी म्हणता येईल. मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) धरतात. तीत काळ इतिहासातला आणि कथानक कल्पित, आणि हीच वाटणी पुढे चालत आली. कादंबरीकाराचा दिवस प्रेमप्रसंग रंगवण्यात जातो, असा वाचकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांचे कोष्टक, चाळण्यात जातो.

उदाहरणार्थ, शाहू छत्रपतींचा साताऱ्यातील राज्याभिषेक शके १६२९ मधला. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, हे शाळेपासून पाठ असते. त्या हिशोबाने १७०७ येते आणि कादंबरीतले एक वर्ष चुकते. राज्याभिषेक झाला १२ जानेवारी १७०८ रोजी. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. चंद्राचेही तसेच. शिवराज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे त्या रात्री चंद्र जवळजवळ पूर्ण. पण रायगडावर ज्येष्ठात ढग असायचेच. वद्य चतुर्दशीला नायक-नायिकेवर चांदणे सांडणाऱ्या कादंबऱ्या काही थोड्या नाहीत.

दुसरी अडचण भाषेची. मोडी पत्रांत कुशल विचारले जाते, वसुलीची चौकशी होते, ‘बहुत काय लिहिणे, जाणिजे’ येते आणि खाली लेखनसीमेचा, म्हणजे मजकूर संपल्याचा, शिक्का पडतो. मनातले गुज तेथे शोधू नये. त्यामुळे संवाद लेखकालाच घडवावे लागतात. त्यात राणीच्या तोंडी आजचे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ बसत नाही, आणि नुसते ‘स्वारी’, ‘आज्ञा’ पेरल्याने काळही उभा राहत नाही.

कागद थांबतो आणि कादंबरी सुरू होते ती जागा पाहायची असेल तर साताऱ्याजवळच्या लिंब गावी जावे. तेथील बारामोटेची विहीर विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधवली. सकवारबाई आणि सगुणाबाई या शाहूंच्या विवाहित राण्या. विरूबाई त्यांच्यापैकी नव्हत्या, पण राजवाड्यातील अंतर्गत कारभार त्यांच्या हाती होता. विहीर अष्टकोनी, खोली सुमारे ११० फूट. एकाच वेळी बारा मोटा चालत म्हणून हे नाव पडले. जिना उतरून आत गेले की कोरीव खांबांचा छोटा महाल लागतो. बाहेर ऊन रणरणत असले तरी तेथे दगड गार असतो आणि खाली पाण्यावर पारव्यांचा आवाज घुमतो. शिलालेखात नाव आहे, शक आहे. शाहू त्या महालात कधी बसले, काय बोलले, हे त्यात नाही. मोटा चालू असताना तेथे बोललेले ऐकू तरी येत असेल का, हा प्रश्न जागेवर उभे राहिल्याशिवाय सुचत नाही.

साताऱ्याहून लिंब पाच कोसांच्या आसपास, घोड्याला प्रहरभराची वाट. पण मधे वेण्णा आडवी येते. श्रावणात रातोरात निघालेल्या नायकाला आधी उतार शोधावा लागेल किंवा काठावर खोळंबावे लागेल. आता महामार्गावरून वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचणाऱ्या लेखकाच्या हे ध्यानातही येत नाही.

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर मात्र कल्पनेला फारसा वाव नाही. औरंगजेबाचा वेढा डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० असा चालला. सुरुंगाने तट कोसळला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या सुरुंगाचा तट तर मोगलांवरच पडला. हे कुणी रचून लिहिले असते तर समीक्षकांनी टर उडवली असती.

क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा आहे. प्रेमकथेत कुत्र्याला जागा मिळत नाही, हे प्रस्तुत नोंदकाराचे जुने गाऱ्हाणे.

किरकोळ चुका बहुधा स्वयंपाकघरात होतात. शिवकालीन वाड्यात चहाचा पेला नको आणि उपवासाच्या ताटात बटाट्याची भाजीही नको. फुलांचा हिशोब त्याहून अवघड. कास पठाराकडची टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. ती नायिकेच्या केसांत माळायची तर कादंबरीतले साल त्या फेऱ्यात बसायला हवे, आणि तीनशे वर्षांमागचा फेरा मोजणार कोण? त्यापेक्षा तेरडा बरा. तो दरवर्षी येतो.