विकास शिबिर (आइस हॉकी)

उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) संघ आपल्या होतकरू खेळाडूंसाठी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचे जे शिबिर भरवतात, त्याला विकास शिबिर किंवा डेव्हलपमेंट कॅम्प म्हणतात. जूनअखेरचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने नव्या खेळाडूंवरचा हक्क निवडून घेण्याचा कार्यक्रम) आटोपला की बहुधा लगेच, जुलैच्या सुरुवातीला ते होते. नुकतेच निवडलेले, आधीच्या दोन-तीन वर्षांत निवडलेले आणि कोणत्याच संघाने न निवडलेले पण निमंत्रणावरून आलेले असे खेळाडू त्यात एकत्र येतात. बहुतेकांचे वय १८ ते २२ असते.

एनएचएल संघातली जागा येथे मिळत नाही. ती सप्टेंबरमधल्या मुख्य सराव शिबिरात आणि सराव सामन्यांत ठरते. वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघांची उन्हाळी शिबिरे याहून वेगळी असतात. तेथे २६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या जागतिक स्पर्धेसाठी संघ बांधायचा असतो, म्हणून खेळाडूंची आपसांत तुलना अटळ ठरते. विकास शिबिरात खेळाडूची तुलना मुख्यतः त्याच्याशीच होते: मागच्या उन्हाळ्यात तो कोठे होता, आज कोठे आहे आणि त्याच्या खेळातले कोणते दोष शिकवून जाण्यासारखे आहेत. मूल्यमापन करणाऱ्याने हा प्रश्न सोडला, की पुढचे सगळे निष्कर्ष भरकटतात.

जुलैतला खेळ फसवाही असतो. कोणाचा हंगाम मार्चमध्ये संपलेला असतो, कोणी जूनच्या तोंडाशी मेमोरियल कप या कनिष्ठ संघांच्या स्पर्धेचे सामने खेळून थकलेला असतो, तर कोणी दुखापतीतून सावरत असतो. अनेक शिबिरांत अंगावर जाऊन पूर्ण ताकदीने धडक देऊ दिली जात नाही. शेवटच्या दिवशी प्रेक्षकांसमोर होणारे सामने अनेकदा तीन विरुद्ध तीन असे असतात. मोकळ्या बर्फावर चपळ हातांचा आघाडीपटू उठून दिसतो. कडेच्या फळ्यांपाशी झगडून पक (खेळातली रबरी चकती) सोडवणारा किंवा पासची वाट अडवणारा खेळाडू मात्र नजरेआड होतो. म्हणून या सामन्यांतल्या गोलांना फार वजन देऊ नये.

सर्वांत बारकाईने पाहिले जाते ते स्केटिंग. गुडघे किती वाकतात, पहिल्या तीन ढांगांत वेग किती येतो, वळणावर पायावर पाय टाकताना तो कमी होतो का, बचावपटू मागे सरकता सरकता पुढे वळताना तोल राखतो का, हे स्केटिंग प्रशिक्षक टिपून ठेवतात. यातले बरेच दोष दुरुस्त होतात, आणि म्हणूनच ते शोधण्यात अर्थ आहे. ब्रेडन पॉइंट २०१४च्या ड्राफ्टमध्ये ७९वा निवडला गेला, तेव्हा त्याच्या स्केटिंगबद्दल शंका होत्या. त्याला निवडणाऱ्या टँपा बे लाइटनिंग संघाच्या स्केटिंग सल्लागार बार्बरा अंडरहिल, म्हणजे १९८४च्या फिगर स्केटिंगमधील जोडी-विश्वविजेत्या, यांच्याबरोबर त्याने त्यावर मेहनत घेतली. २०२० आणि २०२१मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकणाऱ्या त्या संघांत तो प्रमुख आघाडीपटू होता.

युरोपातून आलेल्यांची आणखी एक परीक्षा असते. तेथील पारंपरिक रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते, तर एनएचएलच्या रिंकची रुंदी सुमारे २६ मीटर असते. चार मीटर कमी झाले, की विचाराला मिळणारा वेळही कमी होतो.

खेळाची समज आकड्यांत धरता येत नाही, पण एका साध्या सरावात ती उघडी पडते. पक कोपऱ्यात टाकला जातो आणि बचावपटूला पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन तो काढायचा असतो. चांगला बचावपटू पकपर्यंत पोचण्याआधीच खांद्यावरून मागे पाहतो, शरीराने एका बाजूचा झोका देऊन दुसरीकडे वळतो आणि पहिला पास सहकाऱ्याच्या स्टिकवर देतो. कच्चा खेळाडू पक स्टिकवर आल्यावर मान वर करतो. तोवर धडक बसलेली असते. प्रशिक्षक पहिल्या दिवशी ही चूक दाखवतात. तिसऱ्या दिवशी, पाय जड झालेले असताना, न सांगता तो मागे पाहतो का? माझ्या मते अख्ख्या शिबिरातली सर्वांत मोलाची नोंद हीच.

गोलरक्षकांना वेगळे मोजावे लागते. ते उशिरा पिकतात, म्हणून येथे थांबवलेल्या फटक्यांपेक्षा पकवरची नजर, गोलपासून पुढे येण्याचे अंतर आणि परतलेल्या पकवरचा ताबा पाहतात. २०१२मध्ये १३०वा निवडलेला कॉनर हेलेबक २०२५मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

वयाचा हिशेब न ठेवता केलेले मूल्यमापन अन्यायकारक होते. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांच्या फरकाने २०१५चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६मध्ये तो पहिला निवडला गेला. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले कनिष्ठ हॉकीत प्रमाणाबाहेर जास्त दिसतात, हे कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५मध्ये दाखवले. अठराव्या वर्षी भरलेले खांदे हा कित्येकदा फक्त लवकर वाढल्याचा पुरावा असतो.

बर्फाबाहेर शारीरिक चाचण्या, आहार, झोप आणि मुलाखतींना सामोरे जाणे यांवर सत्रे होतात.

निमंत्रितांसाठी मात्र हे शिबिर खरोखर दार उघडू शकते. ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला मार्क जॉर्डानो २००४मध्ये कॅल्गरी फ्लेम्सच्या उन्हाळी शिबिराला निमंत्रणावरून आला आणि पुढे त्या संघाचा कर्णधार झाला. २०१९मध्ये सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला.

शिबिर संपताना प्रत्येकाला सुधारणेचे दोन-तीन मुद्दे दिले जातात आणि तो आपल्या कनिष्ठ, विद्यापीठीय किंवा युरोपीय संघाकडे परततो. हिवाळ्यात संघाचे विकास प्रशिक्षक तेथे जाऊन त्याच मुद्द्यांवर त्याचा खेळ पाहतात. ड्राफ्टने मिळालेला हक्क ठरावीक मुदतीपुरताच असतो आणि एका संघाला एका वेळी ५०पेक्षा जास्त खेळाडूंशी करार ठेवता येत नाहीत. त्यामुळे मुदत संपत आली, की दोन-तीन उन्हाळ्यांच्या नोंदी शेजारी ठेवून करार करायचा की खेळाडूला मोकळे करायचे, हे ठरवले जाते.